सुटे अंक घ्यायचे की जाड खंड? कोपरच्या एका ट्रंकेची गोष्ट

(एपिसोडचं लिखित रूप. ज्यांना लोकलमध्ये इअरफोन न लावता वाचायचंय त्यांच्यासाठी. बोलताना आलेले ‘अं अं’ आणि मागून गेलेल्या दोन मालगाड्या काढून टाकल्यात.)



मागच्या कॉमिक्सच्या एपिसोडनंतर एकच प्रश्न फिरून फिरून आला. ‘दादा, सिंगल इश्यू घेऊ की कलेक्टेड एडिशन?’ म्हणजे दर महिन्याला निघणारा पातळ, पिना मारलेला सुटा अंक घ्यायचा, की तेच पाच-सहा अंक एकत्र करून नंतर येणारा खंड घ्यायचा. मी दोन ओळींत उत्तर देणार होतो. पण मधल्या काळात माझ्या मामाचं घर रिकामं करायची वेळ आली आणि उत्तर लांबलं. म्हणून आजचा एपिसोड.

मामा कोपरला राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं स्टेशन. खाली मेन लाइन, वरून वसई-दिवा लाइन. फास्ट गाडी थांबत नाही. मामाची बिल्डिंग पश्चिमेला, तळमजल्याचं घर, आणि आता ती रीडेव्हलपमेंटला गेलीय. तीन वर्षं भाड्याच्या वन आरकेत काढायची आहेत. मामीने स्पष्ट सांगितलं, ‘कपाट येईल, फ्रिज येईल, ती ट्रंक येणार नाही.’

ती ट्रंक म्हणजे पलंगाखालची पत्र्याची, हिरवा रंग उडालेली. आत मामाची कॉमिक्स. मामाचा फोन आला, ‘अरे, रविवारी ये. तुला यातलं कळतं. काय ठेवायचं, काय द्यायचं, तू सांग.’

आता आधी सोपा भाग उरकतो. तुम्ही अमेरिकन सुपरहिरो वाचत असाल तर सरळ खंड घ्या. तिकडचा सुटा अंक वीस-बावीस पानांचा, किंमत चार-पाच डॉलर, आणि आपल्याकडे येईपर्यंत त्यात एक बरी थाळी येते. गोष्ट पाच-सहा अंकांवर ताणलेली असते. एक अंक वाचून होतो ठाण्याहून डोंबिवली येईपर्यंत. ‘वॉचमेन’ 1986-87 मध्ये 12 सुट्या अंकांत आलं, आज जवळजवळ सगळे ते एका पुस्तकातच वाचतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. मांगावाल्यांना तर हा प्रश्नच नाही. जपानमध्ये ‘शोनेन जंप’ दर आठवड्याला येतं, वाचून लोक टाकून देतात, आणि जपायचा असतो तो खंड. ‘वन पीस’ 1997 पासून असंच चाललंय. आपल्या हातात येतो तोच मुळात खंड. संपलं.

आता ट्रंक.

वरच्या थरात अमर चित्र कथेचं महाभारत निघालं. 1980 च्या दशकात हे 42 सुट्या अंकांत आलं होतं, चित्रं मुख्यतः दिलीप कदम यांची. मामा तेव्हा कॉलेजात. आजोबा पैसे द्यायचे, पण इंग्रजी अंकांचेच, ‘त्या निमित्ताने इंग्रजी सुधारेल’ म्हणून. 42 पैकी मामाकडे होते 29. बाकीचे तेव्हाच हुकलेले. कधी स्टॉलवर संपलेले, कधी खिसा रिकामा. आणि ते हुकल्याचं त्याला काही वाटत नाही, कारण महाभारताची गोष्ट आपल्याला आजीनेच सांगितलेली असते. मधला अंक नसला तरी चक्रव्यूहात कोण अडकलं ते माहीत असतं.

हेच 42 अंक आता तीन खंडांत मिळतात. कागद चांगला, छपाई स्वच्छ, क्रम सलग. मी मामाला म्हटलं, हे सुटे देऊन टाक, मी तुला खंड आणून देतो. तो लगेच हो म्हणाला! मला वाटलं होतं भांडेल. म्हणाला, ‘डोळ्यांना आता तो बारीक टाइप झेपत नाही रे.’

म्हणजे इथे खंड जिंकला, आणि बरोबर जिंकला. गोष्ट मोठी, सलग, आणि प्रकाशक ती पुन्हापुन्हा छापतोय. असं जिथे आहे तिथे सुट्या अंकासाठी हट्ट करू नका. जुना सुटा अंक जवळ असण्यात मजा आहे, नाही असं नाही. पण ती मजा वाचण्याची नाही, बाळगण्याची आहे. दोन्हींत फरक आहे आणि खिशाला तो लगेच कळतो.

खालच्या थरात इंद्रजाल कॉमिक्स होती. मराठी.

इथे जरा थांबतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे नावच ऐकलं नसेल. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं, 1990 मध्ये बंद झालं. 800 हून जास्त अंक. ली फॉकचा फँटम म्हणजे आपला वेताळ, जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन. आणि इंग्रजीबरोबर हे मराठीतही यायचं. आपल्या बाबांच्या, मामांच्या पिढीने कवटीची अंगठी जी पाहिली ती मराठीत पाहिली. वेताळाचा देश मूळ इंग्रजीत बेंगाला. तो बंगालसारखा वाटतो म्हणून इथे डेंकाली केला. वेताळाचा पोशाखही सुरुवातीच्या अंकांत निळा आहे, जांभळा नाही. आणि गोष्ट ठरलेल्या पानांत बसवायला चित्रं कापायचे, मागेपुढे करायचे. थोडक्यात, मूळ कॉमिक जसं होतं तसं हे नाहीच. हे वेगळंच काहीतरी आहे, इथलं.

आणि 1976 पासून त्यात आला बहादूर. आबिद सुरती यांनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला, डाकूंशी लढणारा आपल्याकडचा नायक. आता विचार करा. वेताळाचे जुने कॉमिक्स अमेरिकेत जाड खंडांत छापले जातायत, कारण तो त्यांचा आहे. मराठीतला बहादूर कोण छापणार? मराठी इंद्रजालचा खंड मला तरी आजवर कुठल्याही दुकानात दिसलेला नाही. म्हणजे ‘सुटा की खंड’ हा प्रश्न इथे येऊन बंदच पडतो. खंड नाही. सुटा अंक हीच एकमेव आवृत्ती. तो रद्दीत गेला की संपलं.

मामाच्या ट्रंकेत असे 34 अंक होते. आणि शिवाय एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक.

हे पुस्तक म्हणजे मजा आहे. त्या काळी लोक वर्षभराचे अंक जमले की बाइंडरकडे न्यायचे. चांदोबा, इंद्रजाल, दिवाळी अंक, काहीही. तो सगळे एकत्र शिवून वर पुठ्ठा घालून द्यायचा, पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव. घरगुती कलेक्टेड एडिशन! तुमच्या ओम्निबसच्या कितीतरी आधी. मामाने 12 इंद्रजाल असे बांधून घेतले होते. पण बाइंडर काय करायचा, कडा सारख्या दिसाव्यात म्हणून मशीनवर तिन्ही बाजूंनी कापायचा. त्यात कडेच्या चित्रांतला अर्धा घोडा जायचा, कुणाचा हात जायचा. मुखपृष्ठंही बऱ्याचदा काढून टाकायचे. मामाच्या पुस्तकात एकही मुखपृष्ठ नाही. अंक क्रमांक काय, कळायला मार्ग नाही.

आणि मग 26 जुलै 2005. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मुंबईत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, कल्याण-डोंबिवलीकडेही तेच. कोपरला खाडी जवळ, मामाचं घर तळमजल्यावर. पाणी पलंगाच्या वर गेलं. दोन दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा आतलं सगळं लगदा व्हायच्या बेतात होतं.

मामाने काय केलं, तर सुटे अंक एकेक करून वेगळे केले आणि जिन्यात दोरी बांधून चिमट्यांनी वाळत टाकले. मामी अजून सांगते, शेजारी कपडे वाळवतायत आणि आमचे हे वेताळ वाळवतायत. सुटे अंक वाळले. सुरकुतले, डाग पडले, पण वाळले, वाचता येतात. बांधलेलं पुस्तक मात्र आतपर्यंत वाळलंच नाही. पानं एकमेकांना चिकटली, बुरशी धरली. त्या रविवारी मी ते उघडायचा प्रयत्न केला तर मधली पाच-सहा कॉमिक्स म्हणजे एक वीट झालीय. आम्ही दोघं ती वीट हातात घेऊन बसलो होतो थोडा वेळ.

मला एकदम पटलं, की ज्या पुस्तकाची दुसरी प्रत बाजारात मिळते तिथे खंड घ्यायचा. जिथे मिळत नाही तिथे सुटा अंक सुटाच राहू द्यायचा. बांधायचा नाही, कापायचा नाही, लॅमिनेट तर अजिबात नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाच्या घरी अशी ट्रंक असेल तर उपयोगी पडेल. गंजलेल्या पिना नखाने वाकवून हळूच काढल्या, कारण गंज कागद खातो. ओढायच्या नाहीत. सेलोटेप लावलेली होती ती तशीच ठेवली, काढायला गेलं की शाई निघते. प्रत्येक अंक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे पांढरं कार्डशीट, पिशवीचं तोंड घट्ट बंद न करता. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दमटपणा अडकला तर उलट वाईट. आणि आडवे ठेवले, उभे नाही. आणि हो, फोटो. प्रत्येक मुखपृष्ठाचा आणि पहिल्या पानाचा फोटो काढून यादी केली. मामा क्रमांक वाचत होता, मी फोनमध्ये टाकत होतो.

यादी करताना एक अंक हातात आला, वेताळाचा, ‘भाग 1’. पुढे काही नाही. मामा म्हणाला, ‘हा दुसरा भाग मला मिळालाच नाही कधी. दादर, कल्याण, सगळीकडचे स्टॉल बघितले. पुढच्या आठवड्यात दुसरीच गोष्ट.’ चाळीसेक वर्षं हा माणूस अर्ध्या गोष्टीवर बसलाय. सुट्या अंकांचा हा खरा तोटा. दुकानदार, पाऊस, खिसा, कुणीही तुमची गोष्ट मध्येच तोडू शकतं.

दोन आठवड्यांनी मी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे गेलो. मराठी नाही मिळाला, पण त्याच गोष्टीचा इंग्रजी दुसरा भाग मिळाला. किती दिले ते सांगत नाही, आई ऐकते हा पॉडकास्ट. मामाने तो उभ्याउभ्याच वाचला. संपवला आणि म्हणाला, ‘एवढंच?’ मग पहिला भाग काढून दोन्ही शेजारी ठेवले. ‘पण हा मराठी बोलत नाही ना,’ म्हणाला. पिशवी मात्र दोन्हींना एकच घातली.

खंडाच्या बाजूने अजून एक गोष्ट बोलायलाच हवी, नाहीतर मी सुट्यांचा भगत वाटेन. चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेला. वर्तमानपत्र कोण ठेवतं? दुसऱ्या दिवशी त्यावर भाजी निवडतात. चिंटूची पुस्तकं निघाली म्हणून तो आज हातात घेता येतो. खंड नसता तर शेकडो पट्ट्या कोथिंबिरीच्या काड्यांबरोबर गेल्या असत्या.

आणि ‘किशोर’चं तर दोन्ही बाजूंनी छान झालंय. बालभारतीचं मासिक, 1971 पासूनचं. ‘निवडक किशोर’चे खंड आहेत, आणि जुने अंकही बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. निवडकमध्ये चांगलं तेवढं मिळतं. पण मी फोनवर अख्खे अंक चाळतो, कारण त्यात कोडी आहेत, मुलांची पत्रं आहेत, निवडणाऱ्याला बिनमहत्त्वाचं वाटलेलं सगळं आहे. इंद्रजालचं कुणी असं करेल का? हक्क कुणाकडे, वेताळाचे कुणाकडे, बहादूरचे कुणाकडे, मला वाटतं इथेच गाडी अडेल.

महाभारताचे 29 अंक डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीचा पुस्तक आदान-प्रदान सोहळा होतो तिथे द्यायचे ठरलेत. मामाची एकच अट, तुकडे करायचे नाहीत, सगळे एकाच मुलाला. इंद्रजालचे 34 अंक आणि ती वीट माझ्याकडे आलीय. माझी खोली दहा बाय दहा, पण तळमजल्यावर नाही.

तुमच्या घरी मराठी इंद्रजाल असेल तर मुखपृष्ठाचा आणि पहिल्या पानाचा फोटो मला पाठवा. विकत मागत नाहीये, यादी करतोय. आणि वेताळाचा तो दुसरा भाग कुणाकडे मराठीत असेल, तर फोटोत अंक क्रमांक दिसू दे. मामाला फक्त वाचायचाय, वाचून परत देईल.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात.