काळजी करण्याकडून काळजी घेण्याकडे
मध्यमवयातील चिंता, प्रकृतीविषयीच्या शंका आणि नोकरीविषयीची अनिश्चितता
(राजधानी परिसरातील मराठी भाषक नागरिकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मराठीत ‘काळजी’ हा एकच शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो आणि दोन निराळे अर्थ देतो. आपण काळजी करतो आणि आपण काळजी घेतो. काळजी करताना मन त्याच त्या विचाराभोवती फिरत राहते; काळजी घेताना काही तरी प्रत्यक्ष घडते. चाळिशी ते साठी या काळात बहुतेकांच्या वाट्याला पहिली क्रिया फार आणि दुसरी फार थोडी येते. पहिलीकडून दुसरीकडे कसे जावे, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरीदाबाद येथे नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या कुटुंबांची स्थिती या वयात अधिक अवघड होते. आईवडील साताऱ्याला, नागपूरला किंवा जळगावला असतात. त्यांच्या आजारपणाचा निरोप आला की पोहोचेपर्यंत एक रात्र गाडीत जाते. मुले दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असतात. घराचे हप्ते अजून कित्येक वर्षांचे असतात. कार्यालयात आपल्याहून वयाने लहान व्यक्ती वरिष्ठ म्हणून येते, किंवा आपला विभागच बंद होणार असल्याची कुजबुज सुरू होते. नेमक्या याच वयात रक्तदाब आणि साखर प्रथमच डोके वर काढतात. स्त्रियांना पाळी थांबण्याच्या आधीच्या काही वर्षांत झोपमोड, धडधड आणि अकारण चिडचिड यांना तोंड द्यावे लागते. पुष्कळदा त्याचे कारण घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्यामुळे शरीराची, कामाची आणि घराची अशा तीन वेगळ्या चिंता एकमेकींत गुंततात. छातीत धडधडले की ‘मला काही झाले तर हप्ते कोण भरणार’ हा विचार येतो. त्या विचाराने झोप उडते. झोप नसल्याने दुसऱ्या दिवशी काम बिघडते आणि बिघडलेल्या कामामुळे पुन्हा धडधडते. हा गुंता एकदम सुटत नाही. त्यातला एकेक धागा वेगळा करून योग्य जागी न्यावा लागतो.

चिंता म्हणजे काय?

चिंता ही मुळात शरीराची इशाराघंटा आहे. धोका जाणवताच शरीर अॅड्रेनालिन सोडते, हृदय वेगाने चालते, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठरतात. समोर खरा धोका असेल तर ही तयारी जीव वाचवते. मात्र न आलेल्या संकटाच्या विचारानेही ही घंटा तशीच वाजते. जलद श्वासामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके हलके वाटते, छाती आवळते. आणि ही लक्षणे पाहून माणूस अधिक घाबरतो. भीतीचा असा तीव्र झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखरावर पोहोचतो आणि नंतर ओसरतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस चिंता आवरेनाशी झाली, झोप, भूक, काम किंवा नातेसंबंध यांवर परिणाम होऊ लागला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. हा स्वभावाचा दुबळेपणा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे दहापैकी एका प्रौढ व्यक्तीस मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. आजार सामान्य आहे. उपचार घेणेही तितकेच सामान्य व्हावे, ही खरी गरज आहे.

शरीराविषयीची शंका

प्रथम एक नियम लक्षात ठेवावा. छातीच्या मध्यभागी दाब किंवा वेदना येणे, ती हात, जबडा, मान किंवा पाठीकडे जाणे, घाम सुटणे, धाप लागणे, मळमळणे, यांपैकी काही जाणवत असेल आणि काही मिनिटांत ओसरत नसेल, तर ‘गॅस असेल’ किंवा ‘मनाचे खेळ असतील’ असा निर्णय स्वतः करू नये. ११२ किंवा १०८ या क्रमांकावर संपर्क साधून तातडीने रुग्णालय गाठावे. स्त्रियांमध्ये वेदना कमी आणि थकवा, मळमळ, धाप अधिक, असेही होते. पहिली शंका नेहमी डॉक्टरांनीच दूर करावी.

दुसरी गोष्ट तपासणीची. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाने रक्तदाब व रक्तशर्करा नियमित तपासून घ्यावी. ही तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत विनामूल्य होते. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सीजीएचएसच्या आरोग्य केंद्रांची सोय आहे. ही योजना १९५४ मध्ये दिल्लीतच सुरू झाली. धडधड, थकवा किंवा वजनातील घट यांमागे थायरॉइडचा विकार वा रक्तक्षय असू शकतो. चहा-कॉफीच्या अतिरेकानेही धडधड वाढते. म्हणून ‘ही चिंताच आहे’ असे म्हणण्यापूर्वी शरीराची एकदा नीट तपासणी आवश्यक आहे.

एकदा, असे मुद्दाम म्हटले. तपासणी निर्दोष निघाल्यावर तीच तपासणी पुन्हा पुन्हा करणे हे काळजी घेणे नव्हे, काळजी करणे आहे. निर्दोष अहवालाने चार दिवस हायसे वाटते. पाचव्या दिवशी ‘यंत्रात चूक असेल तर?’ हा प्रश्न येतो. खाजवल्याने खाज वाढावी, तसा हा प्रकार आहे. सणासुदीला स्वस्तात मिळणाऱ्या साठ-सत्तर चाचण्यांच्या संचाबद्दलही एक गोष्ट जाणून घ्यावी. अहवालावर ‘सामान्य’ म्हणून छापलेला पट्टा साधारणपणे असा ठरवलेला असतो की, निरोगी लोकांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांचे आकडे त्यात बसतात. म्हणजेच पूर्ण निरोगी माणसाच्या वीस चाचण्यांपैकी एखादी पट्ट्याबाहेर जाणे अपेक्षितच आहे. ठळक अक्षरांत छापलेला प्रत्येक आकडा आजार सांगत नाही. त्याचा अर्थ लावणे डॉक्टरांचे काम आहे. यासाठी एक डॉक्टर, एक फाईल आणि पुढील भेटीची ठरलेली तारीख ही शिस्त पाळावी. मध्यरात्री मोबाईलवर लक्षणे शोधत बसू नये.

हवेबाबतही हेच तत्त्व लागू पडते. हिवाळ्यात हवा गुणवत्ता निर्देशांक ३०० च्या वर गेला की हवा ‘अत्यंत खराब’ ठरते. त्या दिवशी पहाटेचे फिरणे टाळून घरात व्यायाम करावा, बाहेर जाताना योग्य मास्क वापरावा. सकाळी एकदा निर्देशांक पाहून दिवसाचा बेत ठरवणे ही काळजी घेणे झाली. दर तासाला तो पाहत राहणे ही काळजी करणे झाली.

कामाविषयीची शंका

‘वीस वर्षे केले ते व्यर्थ गेले का? आता वय उलटले का?’ हे प्रश्न या वयात येणे स्वाभाविक आहे. ‘मिडलाइफ क्रायसिस’ ही संज्ञा एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ मध्ये रूढ केली. अनुभव मात्र त्याहून कितीतरी जुना आहे.

पहिला सल्ला असा: झोप मोडलेल्या काळात राजीनाम्यासारखा निर्णय घेऊ नये. काम नकोसे झाले आहे की मन थकले आहे, हे थकलेल्या मनाला कळत नाही. आधी काही आठवडे झोप आणि दिनक्रम सावरावा. त्यानंतरही उत्तर तेच राहिले तर त्यावर विश्वास ठेवावा.

दुसरा सल्ला: शंका कागदावर मांडावी. घरखर्च किती महिने चालेल, हप्ता किती, मुलांच्या शिक्षणाचे कोणते वर्ष, आपल्याला काय येते, काय शिकावे लागेल, कोणाला विचारता येईल. केंद्र सरकारच्या सेवेत निवृत्तीचे वय ६० आहे. पंचेचाळिशीच्या कर्मचाऱ्यापुढे अजून १५ वर्षांची सेवा असते. कागदावर उतरलेली भीती मोजता येते. मनात फिरणारी भीती मोजता येत नाही.

तिसरा सल्ला सर्वांत महत्त्वाचा: नोकरी गेली तर घरात सांगावे. रोज डबा घेऊन बाहेर पडायचे, दिवसभर एखाद्या बागेत किंवा मेट्रो स्थानकात काढायचा आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी परतायचे, असे दिवस माणसाला आतून पोखरतात. पैशाच्या तंगीपेक्षा गुपिताचा भार लवकर असह्य होतो. घरच्यांना धक्का बसेल. पण भार वाटून घेणारे हातही तेथेच आहेत.

दिल्लीतील मराठी माणसांना चिंतामणराव देशमुख यांचे नाव परिचित आहे. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्यासारखी संधी सर्वांना मिळत नाही, हे खरे. तरीही एक गोष्ट सर्वांना लागू आहे: पद सुटले म्हणून कर्तृत्व संपत नाही.

रोज करता येण्याजोगे

• चिंतेला वेळ ठरवून द्यावी. संध्याकाळी २० मिनिटे वही घेऊन बसावे आणि दोन रकाने करावेत: ‘मला करता येईल’ आणि ‘माझ्या हाती नाही’. पहिल्या रकान्यातील एक काम उद्यासाठी निवडावे. अवेळी आलेल्या विचाराला संध्याकाळची वेळ द्यावी.
• अस्वस्थ वाटू लागल्यास चार मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सोडावा. असे पाच मिनिटे करावे.
• आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम व्यायाम करावा. मेट्रो स्थानक ते घर हे अंतरही त्यात धरावे.
• उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवावी. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी.
• मद्याने डोळा लागतो, पण झोप तुटक होते आणि दुसऱ्या दिवशी चिंता वाढते. शेजाऱ्याने दिलेली किंवा जुन्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी घेऊ नये. तिची सवय लागते.
• आठवड्यातून एकदा तरी आपल्या भाषेत, आपल्या माणसाशी, कामाखेरीज बोलावे.

मदत कोठे मिळेल?

‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे. सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते. भाषेचा पर्याय निवडता येतो आणि त्यात मराठीचा समावेश आहे. मनातले दुःख परभाषेत सांगताना अर्धे मागेच राहते. म्हणून हा पर्याय लक्षात ठेवावा.

प्रत्यक्ष भेटीसाठी आपले नेहमीचे डॉक्टर ही पहिली पायरी. दिल्लीत दिलशाद गार्डन येथील इहबास, तसेच एम्स, सफदरजंग आणि राम मनोहर लोहिया रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. समुपदेशनात विचारांची सवय ओळखून ती बदलण्याचे शिक्षण मिळते. गरजेनुसार औषधे दिली जातात. चिंतेवरील काही औषधांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणून ती मध्येच किंवा एकाएकी बंद करू नयेत.

‘कार्यालयात कळले तर?’ ही भीती अनेकांना अडवते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा अधिकार आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही आरोग्य विम्याचे संरक्षण देण्याचे बंधन याच कायद्याने विमा कंपन्यांवर घातले आहे.

घरातील माणसांसाठी

‘उगाच विचार करू नकोस’ या वाक्याने कोणाचाही विचार थांबलेला नाही. त्याऐवजी ‘मी ऐकतोय, सांग’ म्हणावे आणि खरोखर ऐकावे. पहिल्या तपासणीला सोबत जावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी केली, तर ती बोलण्याची रीत समजून सोडून देऊ नये. थेट विचारावे, विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही, उलट व्यक्त व्हायला वाट मिळते. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये आणि लगेच १४४१६ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

सुहृदहो, या वयात आपण आईवडिलांची, मुलांची आणि कार्यालयाची काळजी घेतो. त्या यादीत आपले स्वतःचे नाव बहुधा नसते. ते आज लिहावे. या आठवड्यात एकच काम ठरवावे: रक्तदाबाची तपासणी, घरात टाळलेले एखादे बोलणे, किंवा १४४१६ वर एक दूरध्वनी.