मापाचे माप



दुकानदाराच्या वजनावर सरकारी शिक्का आहे की नाही, हे आपण पाहतो. पण युद्धनौकेवरील रडार ज्या उपकरणाने तपासावयाचे, त्या उपकरणावर शिक्का कोणी मारावयाचा?

रडारची लहर जाऊन परत येते. म्हणून वेळ मोजण्यात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात १५० मीटरांची चूक होते. बिघडलेले रडार निदान संशय तरी उत्पन्न करते. खोटे मापक मात्र चांगले रडार बिघडवून वर 'ठीक आहे' असा दाखला देते.

बंदर दूर असते, म्हणून अमेरिकन नौदलाच्या विमानवाहू जहाजांवर या तपासणीची प्रयोगशाळाच असते. पण समुद्र प्रमाणालाही सोडीत नाही. व्होल्टचे जुने प्रमाण म्हणजे वेस्टन घट. तो २० अंश सेल्सिअसला सुमारे १.०१८ व्होल्ट देई. परंतु हेलकावे आणि तपमानातील चढउतार त्याला सोसत नसत. त्याची जागा पुढे झेनर डायोडने घेतली. तोही कालांतराने किंचित सरकतो. म्हणून ठराविक मुदतीने त्यालाही किनाऱ्यावरील वरिष्ठ प्रमाणाशी ताडून पाहावे लागते, आणि ही साखळी थेट राष्ट्रीय प्रयोगशाळेपर्यंत पोचते.

तिची एक कडी तुटली, की जहाजावरचा आकडा नुसता आकडा उरतो. त्याच्या भरवशावर खलाशांचे प्राण सोपविता येत नाहीत.