सांत्वनाचे इंग्रजी शब्द

आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा गेला, तेव्हा आम्ही इंग्रजीत दोन ओळींचे 'कन्डोलन्स' धाडून मोकळे झालो. पुढे भेटले तेव्हा ते म्हणाले, "पत्र पोचले, तुम्ही आला नाहीत." तेव्हापासून हे शब्द आम्ही उलगडून पाहू लागलो. 'कन्डोलन्स' म्हणजे मुळात बरोबरीने दुःख करणे. पत्राने ते कितीसे साधणार? 'चिअर' हा तर मूळचा चेहरा! 'एन्करेज'च्या पोटात लॅटिन 'कोर', म्हणजे हृदय. पण आम्हांला खरे थांबविले ते 'कम्फर्ट'ने. त्यात 'फॉर्टिस', म्हणजे बळकट, हा शब्द आहे. 14व्या शतकातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ बळ देणे असाही होता. पुढे तो शब्द आरामखुर्चीत जाऊन बसला. आपला 'धीर' मात्र त्या जुन्या अर्थाला अजून धरून आहे, आणि स्नेह्यांना आम्ही नेमका तोच दिला नव्हता.