मत सांगणं आणि मत देणं

मी तुमच्या बचत गटांची ताई बोलतेय.

मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "ताई, औंदा मत कुणाला द्यायचं? तुम्ही म्हणाल तिकडं आम्ही अकरा जणी." सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी हसून विषय बदलला, पण त्यांना उत्तर देणं राहून गेलं. ते आज देते. त्यासाठी आधी तुम्हाला अमेरिकेतल्या एका गायिकेची गोष्ट सांगते.

तिचं नाव टेलर स्विफ्ट. आपल्या कॉलेजातल्या मुलींना विचारा, त्यांना माहीत असेल. शाळकरी वयापासून गाणी लिहिणारी ही बाई, आज जगात सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या गायिकांपैकी एक आहे. पण २०१८ पर्यंत ती राजकारणावर जाहीरपणे बोलत नव्हती.

न बोलण्याला कारण होतं. २००३ साली तिथल्याच तीन बायकांच्या एका गाजलेल्या बँडमधली गायिका लंडनच्या कार्यक्रमात इराक युद्धाविरुद्ध बोलली. आमचे राष्ट्राध्यक्ष आमच्याच टेक्सास राज्यातले आहेत याची लाज वाटते, अशा अर्थाचं ती म्हणाली. त्या बँडचं नाव तेव्हा डिक्सी चिक्स होतं. झालं! कितीतरी रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी लावणं बंद केलं, लोकांनी त्यांच्या सीडी मोडल्या, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. "गाणारणीनं गावं, बाकीच्यात पडू नये," हे फक्त आपल्याच गावात म्हणतात असं समजू नका. त्याच बायकांना पुढं २००७ मध्ये ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार मिळाला, एकाच रात्री पाच. पण मधली चार वर्षं त्यांनी सोसली.

आता २०२४ ची निवडणूक. एका बाजूला डोनाल्ड ट्रम्प, दुसऱ्या बाजूला कमला हॅरिस. ऑगस्टमध्ये ट्रम्प यांच्या समाजमाध्यमावरच्या खात्यावरून काही चित्रं फिरली. टेलर स्विफ्ट आणि तिचे चाहते ट्रम्प यांना पाठिंबा देतायत, असं ती चित्रं दाखवत होती. ती बनावट होती. त्यातली काही तर संगणकानं, त्या एआयनं तयार केलेली. म्हणजे बाई तोंडातून शब्द काढायच्या आधीच तिचं मत दुसऱ्यानं सांगून टाकलं!

१० सप्टेंबरला दोन्ही उमेदवारांची टीव्हीवर समोरासमोर चर्चा झाली. ती संपल्या संपल्या टेलरनं इन्स्टाग्रामवर लिहिलं, की मी हॅरिस यांना मत देणार आहे. त्या बनावट चित्रांमुळं आपण काय ते स्पष्ट सांगायला हवं असं वाटलं, हेही लिहिलं. आणि पुढं म्हणाली, की मी माझा अभ्यास केलाय, तुम्ही तुमचा करा, निवड तुमची आहे. सोबत मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळाची वाट दाखवली. चोवीस तासांत चार लाखांहून जास्त लोक त्या वाटेनं तिथं गेले.

आणि निकाल? ट्रम्प जिंकले. तिचे चाहते कोटींत, तरी ती म्हणाली तसं झालं नाही. लोकांनी तिचं ऐकलं, तिची गाणीही ऐकली, आणि आपापलं मत आपापल्या मनानं दिलं.

आपल्या भाषेत बघा, विचारालाही मत म्हणतात आणि मशीनचं बटण दाबतो त्यालाही मत म्हणतात. पहिलं मत सांगता येतं, ऐकता येतं, त्यावर भांडताही येतं. दुसरं मात्र पडद्याआड एकटीनं द्यायचं असतं.

मग काकू म्हणतील, ती गायिका सांगते, तर ताई तुम्हाला सांगायला काय झालं?

सांगते. काही वर्षांपूर्वी पंचायतीच्या निवडणुकीत मी एका बैठकीत बोलून गेले, की अमक्या पॅनेलला द्या. त्याच गटात दुसऱ्या पॅनेलच्या घरातली एक सून होती. ती काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले तर म्हणाली, "ताई, माझा कर्जाचा अर्ज तुमच्याकडं आहे. मी तिकडं मत दिलं तर तो अडकेल अशी भीती वाटली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मनात तसं काही नव्हतं. पण तिला ते कसं कळावं?

टेलर स्विफ्टच्या हातात कुणाच्या कर्जाची वही नाही. तिचं पटलं नाही तर रेडिओ बंद करता येतो. माझ्या हातात वही आहे. म्हणून त्या वहीपुढं बसून मी कुणाचं नाव घेणार नाही. काकू, हे तुमचं उत्तर.

पण एवढं काम मी नक्की करीन. लग्न होऊन आलेल्या कितीतरी सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत आहेत. आपल्या बीएलओंना भेटा, त्या बहुतेक वेळा गावातल्या अंगणवाडीताई किंवा शाळेतले गुरुजी असतात. पत्ता बदलायला नमुना ८, नवीन नावाला नमुना ६. अठरा पूर्ण झालेल्या पोरींची नावं घाला. अडलं तर १९५० या नंबरवर फोन करा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं मतदार ओळखपत्र आणा, यादीत नाव आहे का ते आपण मिळून बघू.

आणि मोबाईलवर कुणाचा फोटो, कुणाचा आवाज आला, "अमक्या ताई आमच्या बाजूनं," तर पुढं पाठवायच्या आधी त्या ताईलाच विचारा. माझा आला, तर मला विचारा.

काकू, तुमच्या गटात अकरा जणी आहेत. अकरा मतं अकरा ठिकाणी गेली तरी चालतील. दुसऱ्या दिवशी बचतीला मात्र अकराही जणी एकाच सतरंजीवर बसल्या पाहिजेत.