ताप मोजता, श्वासही मोजा

पावसाळा लागला की आमच्या तुर्भ्यात घरोघरी ताप-खोकला. आमच्यातल्या कितीतरी जणी पहाटेच भाजी मार्केटात कामाला जातात आणि आजारी लेकरू थोरल्या बहिणीवर नाहीतर आजीवर सोपवतात. म्हणून घरी थांबणारीनं काय बघायचं, ते आज बोलू या.

ताप १०२ झाला की आपण घाबरतो आणि पोराला गोधडीत गुंडाळतो. तसं करू नका. पातळ सुती कपडा घाला, खिडकी उघडी ठेवा. सासूबाई रागावल्या तर रागावू द्या. पेज, वरणाचं पाणी, तान्ह्याला अंगावरचं दूध, थोडं थोडं पण सारखं द्या. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर असतं, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन वेळांत निदान सहा तास जाऊ द्या. बाटलीवरचा आकडा वाचा, कारण एका बाटलीत ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. चमचा तोच, औषध दुप्पट! या दिवसांत ताप डेंग्यूचाही असतो, म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आपल्या मनानं देऊ नका. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासून घ्या.

खोकल्याला वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध पुरतो. वर्षाच्या आतल्याला मध अजिबात नाही. दुकानातून खोकल्याची बाटली मागून आणू नका. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लेकरं अशा विषारी औषधानं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यातल्या कितीतरी जणांना उपचाराला आपल्या नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारनं सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, पाचांखालीही सहसा नकोत.

आता मुख्य गोष्ट. तापाच्या आकड्यापेक्षा आम्हाला श्वासाचा आकडा जास्त सांगतो. मूल शांत असताना, झोपलेलं असलं तर फारच बरं, सदरा वर करा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आमच्या वस्तीतल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरींना हे शिकवलं, त्या आमच्यापेक्षा नीट मोजतात.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, मूल दूधपाणी घेत नाही, झटका आला, ओठ निळे पडले, उठवलं तरी उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी आई घरी येईपर्यंत थांबू नका. १०८ लावा, गाडीचे पैसे पडत नाहीत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी लगेच निघा. जाताना कोणतं औषध, किती आणि किती वाजता दिलं, ते कागदावर लिहून न्या. घरी थांबणाऱ्या मुलीला १०८ आणि घराचा पत्ता पाठ हवा.