जिंकला तो हरला
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



जमिनीच्या प्रश्नावर बोलायचे म्हणून आज आम्ही तुम्हाला दूरच्या मुलखात नेणार आहोत. अमेरिकेचा पश्चिम किनारा, कॅलिफोर्निया. आज जिथे ओकलंड आणि बर्कली ही शहरे उभी आहेत, तिथे दोनशे वर्षांपूर्वी गुरांची कुरणे होती. ती पेराल्टा नावाच्या एका कुटुंबाच्या ताब्यात होती. हे कुटुंब देशाच्या सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकले, आणि तरीही त्याची जमीन गेली.

तेव्हा कॅलिफोर्नियावर स्पेनच्या राजाचा अंमल होता. लुईस मारिया पेराल्टा हा त्याच्या फौजेतला साधा सार्जंट. चाळीस वर्षांच्या चाकरीबद्दल गव्हर्नर सोला याने १८२० साली त्याला गुरे पाळण्यासाठी जमीन दिली. आपल्याकडच्या इनामासारखेच हे. क्षेत्र सुमारे ४४,८०० एकर. नाव रँचो सॅन अँटोनियो. हद्दी कशा, तर एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला टेकडी, खाली खाडी. बरोबर हाताने काढलेला नकाशा. साखळी टाकून मोजणी झालेली नव्हती. शेजाऱ्यांना हद्द माहीत होती, तेवढे पुरेसे होते.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. ती जमीन राजाच्या बापाची नव्हती. त्याआधी हजारो वर्षे तिथे ओलोनी आदिवासी राहत होते. त्यांना कोणी विचारले नाही. पुढे अशा रँचोंवर गुरे राखायला, कातडी सोलायला, चरबी वितळवायला आदिवासीच राबले. तेव्हा पेराल्टा म्हणजे गरीब शेतकरी, असे चित्र आम्ही रंगवणार नाही. पण ज्या रीतीने ही जमीन गेली, ती रीत लहानमोठ्या प्रत्येक जमीनधारकाने ओळखून ठेवावी.

१८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला आणि कॅलिफोर्निया त्याच्याकडे गेला. १८४२ साली म्हाताऱ्या लुईसने चार मुलांत रँचो वाटला. मुलींना सॅन होजे गावातली मालमत्ता दिली, रँचोत वाटा दिला नाही.

१८४८ साली दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले. फेब्रुवारीत लढाई हरलेल्या मेक्सिकोने तह करून हा मुलूख अमेरिकेला दिला. लोकांच्या मालमत्तेचा मान राखू, असे तहात लिहिले होते. मात्र जुन्या जमीन देणग्यांना हमी देणारे दहावे कलम अमेरिकेच्या सिनेटने मंजुरी देताना काढून टाकले.

सोन्यामागे आलेली माणसे पेराल्टांच्या जमिनीवर उतरली. झाडे तोडली, गुरे मारून मांस विकले, कुंपणे घातली. 'पडीक कुरण अडवून बसलेत, आम्ही ते वापरात आणतो,' असे ते म्हणत. आपल्याला 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आठवेल. पण ओकलंडची जागा बळकावणाऱ्यांत होरेस कार्पेंटियर हा वकील होता. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी तिथे नांगर धरला नाही. प्लॉट पाडले आणि विकले. १८५२ साली शहर स्थापन झाले. शहराचा सगळा धक्का-किनारा कार्पेंटियरच्या नावे झाला, आणि दोन वर्षांनी तोच तिथला महापौर झाला.

आता कायद्याकडे या. मार्च १८५१ मध्ये अमेरिकेने कायदा केला. जुन्या देणगीदाराने दोन वर्षांत आयोगापुढे येऊन आपली मालकी सिद्ध करावी, नाहीतर जमीन सरकारजमा. बळकावणाऱ्याने काही सिद्ध करायचे नाही. ज्याचा ताबा, त्यानेच पुरावा द्यायचा. कागद स्पॅनिश, कामकाज इंग्रजीत. आयोगाने हक्क मान्य केला तरी सरकार अपिलात जायला मोकळे.

आठशेहून अधिक दावे दाखल झाले. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश मंजूर झाले. म्हणजे बहुतेकांचे कागद खरे होते! पण अंतिम सनद हाती पडायला सरासरी सतरा वर्षे लागली. पेराल्टांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १८५६ साली मान्य केला. सनद मिळाली दोन भावांना १८७४ साली, उरलेल्या दोघांच्या वाट्याची १८७७ साली.

मधल्या काळात वकिलाची फी, जमिनीवरचा कर, मोजणीचा खर्च. सावकाराचे व्याज महिन्याला दोन-तीन टक्के आणि त्याहूनही वर. बहिणींना वाटा नव्हता, ही फट सट्टेबाजांनी हेरली. त्यांचे हक्क विकत घेऊन भावांवर दावे ठोकले. दोमिंगो पेराल्टाने १८५३ सालीच तीनशे एकर ठेवून बाकी जमीन विकली. १८६५ साली तो कंगाल होऊन मेला. सनद यायला अजून बारा वर्षे होती.

आपल्याकडे म्हणतात, कोर्टात जिंकला तो हरला आणि हरला तो मेला. पेराल्टा जिंकून हरले.

आणि हे फक्त तिकडेच झाले असे समजू नका. त्याच सुमारास, १८५२ च्या अकराव्या कायद्याने, इंग्रजांनी मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसवले. सनद दाखवा, नाहीतर सारा भरा! सरकार बदलले की जुन्या कागदावर शंका घ्यायची आणि पुराव्याचे ओझे ताबेदाराच्या डोक्यावर टाकायचे, ही युक्ती सगळीकडची.

आजही आपला सातबारा मालकीचा अंतिम पुरावा नाही. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. म्हणून संघटनेची मागणी अशी : ज्याची नोंद आणि वहिवाट आहे, त्याच्याविरुद्धचा पुरावा हरकत घेणाऱ्याने द्यावा. निकालाला मुदत असावी. उशीर सरकारचा असेल तर खर्चही सरकारचा.

आणि घरचे काम घरीच करू. वारसनोंद रखडू देऊ नका. मोजणी शेजाऱ्याशी गोडी असतानाच करून घ्या. वारसांत मुलींची नावे लावा. तो त्यांचा हक्क आहे, आणि नाव गाळले तर तीच फट परका माणूस वापरतो. फेरफाराची नक्कल घरात ठेवा.

न्याय मिळेलही. पण तो येईपर्यंत जमीन आपल्याकडे राहिली पाहिजे, ही लढाई आपली आहे.