वाचले खरे, पण कळले का?





‘इक्रा’ म्हणजे ‘वाच’, ही पहिली आज्ञा होती, हे अशा समारंभात आपण नेहमी ऐकतो. आज मी त्यापुढचा प्रश्न विचारतो. आपली आठवी-नववीतील मुले जे वाचतात, ते त्यांना कळते काय?

‘असर’ या पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना त्यांच्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास दिला. सुमारे चौथ्या हिश्श्याला तो सरळ वाचता आला नाही. ज्यांना वाचता येतो, त्या सर्वांना अर्थ लागतोच असेही नव्हे.

ही गोष्ट आपल्याला तरी लवकर उमगावी. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी कुरआन शरीफ नाजरा पूर्ण केले आहे. उच्चार सांभाळून आपण पठण करतो, अर्थासाठी तर्जुम्याकडे वळतो. तिलावतीचे मोल निराळे, त्याविषयी दुमत नाही. परंतु अक्षर वाचणे आणि अर्थ लागणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा आपला रोजचाच अनुभव आहे. भूगोलाचे पुस्तक मात्र नुसते पठण करून चालत नाही.

एक उदाहरण देतो. ‘सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर भरपूर पाऊस पडतो, तथापि पूर्वेकडील प्रदेश पर्जन्यछायेत येतो.’ घरी दखनी, कोकणी वा उर्दू बोलणारा मुलगा हे वाक्य न अडखळता वाचील. पण ‘पर्जन्यछाया’ म्हणजे पावसाची छाया, म्हणजे जास्त पाऊस, असे तो समजला तर नवल नाही. ‘तथापि’ म्हणजे ‘तरीसुद्धा’ हे ठाऊक नसल्याने वाक्य उलटले, याचा त्याला पत्ताच लागत नाही. मग उत्तर चुकते आणि आपण म्हणतो, ‘पोरगा अभ्यासच करीत नाही.’

रागावण्यापूर्वी एक परीक्षा करून पाहा. मुलाला उतारा वाचावयास सांगा, मग त्याच पातळीचा दुसरा उतारा कोणीतरी त्याला वाचून दाखवा. ऐकून कळले पण स्वतः वाचून कळले नाही, तर अडचण बहुधा अक्षरवाचनात आहे. खालच्या इयत्तेचे पुस्तक घ्या आणि एकच परिच्छेद तीन-चार वेळा मोठ्याने वाचून घ्या. यात लाज कसली? ऐकूनही कळले नाही, तर शब्दांची पुंजी अपुरी आहे. तेथे दहा वेळा वाचून उपयोग नाही. शब्दांचा अर्थ घरच्या बोलीत सांगावा लागेल.

अर्थासाठी एक रीत आहे. अ‍ॅनमारी पॅलिंक्सर व अ‍ॅन ब्राऊन या अमेरिकेतील संशोधक बाईंनी १९८४ साली ती प्रसिद्ध केली. सातवीतील ज्या मुलांना अक्षरवाचन जमत होते पण अर्थ लागत नव्हता, त्यांच्याकडून सुमारे वीस दिवस सराव करून घेतला आणि त्यांचे आकलन स्पष्टपणे सुधारले. कामे चारच. परिच्छेद वाचून त्याचा सारांश आपल्या शब्दांत सांगणे. त्यावर एक प्रश्न काढणे. जे अडले त्याचा उलगडा करून घेणे. आणि पुढे काय येईल याचा अंदाज करणे. आरंभी शिक्षक करून दाखवितात, मग मुलेच पाळीपाळीने शिक्षक होतात.

काही माता म्हणतील, ‘आम्ही स्वतः शिकलो नाही, आम्ही काय करणार?’ माझ्या भगिनींनो, सारांश ऐकावयास अक्षरओळख लागत नाही. मगरिबनंतर पंधरा मिनिटे मुलाला जवळ बसवा. एक परिच्छेद वाचून झाला की म्हणा, ‘आता पुस्तक मीट आणि मला समजेल असे सांग.’ तुम्हाला समजले नाही तर तसे बोला. तुम्हाला समजावून सांगता सांगताच त्याला स्वतःला समजेल.

विद्यार्थी मित्रांनो, ‘सर, हा शब्द कळला नाही’ असे वर्गात उभे राहून सांगा. न कळलेले पाठ करणाऱ्यापेक्षा न कळल्याचे सांगणारा विद्यार्थी एक पायरी वर असतो. आजच्या रात्रीपासून एकच परिच्छेद घ्या.

अल्लाह आपल्या प्रयत्नांना यश देवो. खुदा हाफिज.